अर्जेंटिनाची वेस

परदेशी जावयास निघालेल्या माणसाला व्हिसा ही एक कटकट वाटते. अर्ज भरा, फोटो चिकटवा, बँकेचा दाखला जोडा, परतीचे तिकीट दाखवा, आणि मग पासपोर्टवर शिक्का पडेपर्यंत देवाचे नाव घेत बसा. परदेशात काय पाहावे याविषयी आपल्याकडे प्रवासवर्णने उदंड झाली. परंतु ज्या शिक्क्यावाचून तेथे पाऊल ठेवता येत नाही, त्या शिक्क्याचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. आज आम्ही तोच सांगणार आहोत, आणि त्यासाठी दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना हा देश निवडला आहे.

अर्जेंटिनाच का, असे कोणी विचारील. पहिले कारण साधे आहे. ब्युनोस आयर्स शहर, इग्वासूचा धबधबा आणि पाटागोनियातील हिमनद्या पाहावयास अलीकडे आपल्याकडचेही प्रवासी जाऊ लागले आहेत. दुसरे कारण आमच्या धंद्यातले आहे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचे शिक्षण जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयांत आणि कारखान्यांच्या दरवाजांवर झाले. तेथे एक गोष्ट आम्ही शिकलो. दरवाजावरचा पहारेकरी कोणाला सलाम करतो आणि कोणाचा डबा उघडून पाहतो, एवढे नीट पाहिले की आतल्या कारभाराची निम्मी माहिती मिळते. देशाच्या वेशीचेही तसेच आहे. पाहुण्यांसाठी केलेले नियम आणि मजुरांसाठी केलेले नियम वेगवेगळ्या कागदांवर लिहिलेले दिसतात. परंतु ते एकाच कापडाची सुलट आणि उलट बाजू असतात. अर्जेंटिनाच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात हे जितके स्वच्छ दिसते, तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल.

उघडा दरवाजा

१८५२ साली कासेरोसच्या लढाईत हुआन मान्वेल दे रोसास या हुकूमशहाचा पाडाव झाला. त्याच्या अमलात देशोधडीला लागलेले शिकलेसवरलेले लोक देशाची नवी घडी बसवू लागले. त्यांच्यात हुआन बाउतिस्ता अल्बेर्दी नावाचा एक वकील होता. चिलीत परागंदा असताना त्याने एक ग्रंथ लिहिला. त्याचा मथितार्थ असा की, या विस्तीर्ण देशात राज्य करणे म्हणजे आधी देश वसवणे. माणसेच नसतील तर राज्य करावयाचे कोणावर?

१८५३ सालच्या राज्यघटनेत हा विचार उतरला. तिच्या प्रास्ताविकेत स्वातंत्र्याची फळे देऊ केली आहेत ती केवळ अर्जेंटिनाच्या प्रजेला नव्हेत, तर त्या भूमीवर राहू इच्छिणाऱ्या जगातील सर्व माणसांना. विसाव्या कलमाने परदेशी माणसाला नागरिकाइतकेच नागरी हक्क दिले. त्याने धंदा करावा, जमीन विकत घ्यावी, आपला धर्म पाळावा. नागरिकत्व घेण्याची सक्ती नाही. पंचविसाव्या कलमात तर स्पष्टच सांगितले की, जमीन कसण्यासाठी, उद्योग वाढवण्यासाठी किंवा शास्त्रे आणि कला शिकवण्यासाठी जो परदेशी येईल त्याच्या प्रवेशावर सरकारने मर्यादा घालू नये, आणि करही बसवू नये.

आता याच पंचविसाव्या कलमाचा आरंभ पाहा. सरकारने उत्तेजन द्यावयाचे ते युरोपातून येणाऱ्यांना! प्रास्ताविकेतील जग कलमापर्यंत पोहोचता पोहोचता युरोपाएवढे झाले. आणि जी जमीन ओसाड म्हणून वसवावयाची होती, ती ओसाड नव्हती. तेथे मापुचे, तेउएल्चे असे मूळचे लोक राहत होते. १८७८ पासून १८८५ पर्यंत लष्करी मोहिमा काढून त्यांना तेथून हुसकावण्यात आले. पाहुण्यासाठी दार उघडले, पण त्यासाठी आधी घरच्यांना बाहेर काढले होते, हे विसरून या इतिहासाचे गोडवे गाता येत नाहीत.

तिकिटाचा वर्ग

१८७६ साली अध्यक्ष निकोलास आव्हेयानेदा याच्या कारकिर्दीत परदेशांतून येणाऱ्यांविषयीचा कायदा झाला. त्याचा क्रमांक ८१७. त्यात वसाहतकरी कोणाला म्हणावे याची व्याख्या आहे, आणि ती आम्हांला फार बोलकी वाटते. मजूर, कारागीर, कारखानदार, शेतकरी किंवा शिक्षक असा जो परदेशी साठ वर्षांच्या आतला असेल, वर्तनाने चांगला असेल, आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्गाचे तिकीट काढून जहाजाने येईल, तो वसाहतकरी. म्हणजे त्याच जहाजातून पहिल्या वर्गाने येणारा माणूस वसाहतकरी नव्हेच. तो प्रवासी. आपल्या सामानासह तो धक्क्यावर उतरणार आणि घोडागाडी करून हॉटेलात जाणार. माणूस पाहुणा की मजूर, हे कायद्याने ठरवले ते तिकिटाच्या रंगावरून!

मात्र त्या काळी खालच्या वर्गाचे तिकीट हे ओझे नव्हते, उलट त्याला मान होता. कायद्याने वसाहतकऱ्याला पाच दिवस सरकारी खर्चाने राहण्या-जेवण्याची सोय दिली, काम शोधून देण्याचे पत्करले आणि कामाच्या गावापर्यंतचे भाडेही भरले. ब्युनोस आयर्सच्या बंदरालगत १९११ साली त्यासाठी मोठी इमारत उघडली. तिचे नावच वसाहतकऱ्यांचे हॉटेल. एका वेळी सुमारे ३ हजार माणसे राहतील एवढी ती मोठी. तेथे दवाखाना होता, काम मिळवून देणारी कचेरी होती, शेतीच्या यंत्रांची ओळख करून देण्याची व्यवस्था होती. १९५३ पर्यंत ते हॉटेल चालले. आता तेथे संग्रहालय आहे.

माणसे किती आली? १८७० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत सुमारे ६० लाख, आणि त्यांतली निम्म्याच्या आसपास कायमची राहिली. १८६९ च्या खानेसुमारीत सारा देश मिळून १९ लाखांहून कमी लोक होते. १९१४ च्या खानेसुमारीत ते ७८ लाखांवर गेले, आणि त्यांतले जवळजवळ ३० टक्के परदेशात जन्मलेले. राजधानीत तर दर दोन माणसांमागे एक परदेशी. बहुतेक इटालियन आणि स्पॅनिश, शिवाय रशियातून आलेले ज्यू, सीरिया-लेबनॉनकडचे अरब. काही इटालियन मजूर तर दरसाल सुगीला येत आणि कापणी झाली की मायदेशी परतत. युरोपात हिवाळा असतो तेव्हा तेथे उन्हाळा, त्यामुळे एका वर्षात त्यांना दोन सुग्या सापडत. लोक त्यांना पाकोळ्या म्हणत. पाकोळ्यांना कोणी पासपोर्ट विचारला नाही, कारण गहू शेतात उभा होता.

पोत्याचे वजन

गहू बंदरावर आला की तो पोत्यांत भरून हमालांच्या पाठीवरून जहाजात चढे. पोते १०० किलोंच्या आसपास. आपल्या माथाडी बंधूंना त्याचा अर्थ सांगावयास नको. १९०२ च्या नोव्हेंबरात ब्युनोस आयर्सच्या बंदर कामगारांनी संप केला. त्यांचे एक मागणे होते पोत्याचे वजन कमी करण्याचे. ६५ ते ७० किलोंपर्यंत ते खाली आणा, इतकेच. गाडीवान त्यांच्या मदतीला आले, बाजारातले कामगार आले, आणि निर्यातीच्या ऐन हंगामात बंदर बंद पडले.

तेव्हा सरकारने काय करावे? २२ नोव्हेंबर रोजी दोन्ही सभागृहांत घाईघाईने एक कायदा मंजूर झाला. क्रमांक ४१४४, नाव निवासाचा कायदा. त्याचा मसुदा मिगेल काने या सिनेटरने १८९९ सालीच मांडला होता, तो दप्तरात पडून होता. या कायद्याने सरकारला असा अधिकार मिळाला की, ज्या परदेशी माणसाचे वर्तन राष्ट्राच्या सुरक्षिततेला धोक्याचे किंवा सार्वजनिक शांततेचा भंग करणारे वाटेल त्याला देशाबाहेर काढावे. मुदत तीन दिवस. जहाज मिळेपर्यंत वाटल्यास कोठडीत ठेवावे. ज्याच्याविषयी असा संशय असेल त्याला मुळात उतरूच देऊ नये. न्यायाधीशापुढे उभे करण्याचे कारण नाही, पुराव्याची गरज नाही. आपल्याकडे ज्याला तडीपारी म्हणतात ती एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात होते. ही तडीपारी महासागरापलीकडे.

या कानेविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हा गृहस्थ लेखक म्हणूनही नावाजलेला. त्याच्या शाळकरी आठवणींचे पुस्तक अर्जेंटिनात घरोघर वाचले गेले. त्याचा जन्म १८५१ सालचा, उरुग्वेतील माँटेव्हिडिओ शहरातला. कारण रोसासच्या जुलमामुळे त्याचे कुटुंब तेथे आश्रयाला गेले होते. परक्या देशाने ज्याच्या घरच्यांना आसरा दिला, त्यानेच परक्याला तीन दिवसांत घालवून देण्याचा कायदा लिहिला.

कायदा झाल्याबरोबर धरपकड सुरू झाली. संघटनेचे कार्यकर्ते, वर्तमानपत्रांचे संपादक, बेकरीतले आणि बंदरावरचे कामगार यांना जहाजांवर चढवून युरोपात पाठवले. कित्येकांची बायकामुले मागे राहिली. मुले अर्जेंटिनात जन्मलेली, म्हणजे कायद्याने अर्जेंटिनाची नागरिक! बाप परका आणि मूल स्वदेशी, अशी एकाच चुलीभोवती वाटणी झाली. पुष्कळ जण वाटेत माँटेव्हिडिओला उतरले आणि रात्रीच्या होडीने ला प्लाता नदीचे मुख ओलांडून पुन्हा आले. तोपर्यंत हमालाच्या पाठीवरचे पोते मोजणे हा राष्ट्राच्या सुरक्षिततेचा प्रश्न होऊन बसला होता.

१९०७ साली भाडेकऱ्यांचा संप झाला. कामगार ज्या चाळींत राहत त्यांना तेथे कोंव्हेन्तियो म्हणतात. मधे चौक, भोवती खोल्या, एकेका खोलीत एक कुटुंब, आणि नळ-मोऱ्या साऱ्यांना मिळून. गिरणगावच्या चाळी ज्यांनी पाहिल्या त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. मालकांनी भाडे वाढवले तेव्हा लाखभर भाडेकऱ्यांनी भाडे देण्याचे नाकारले. पुरुष कामावर गेलेले असत, म्हणून चाळ राखण्याचे काम बायकांकडे आले. त्यांनी आणि मुलांनी झाडू खांद्यावर घेऊन मिरवणुका काढल्या. म्हणून तो झाडूंचा संप. रामोन फाल्कोन या पोलीसप्रमुखाने ऐन थंडीत अग्निशामक दलाच्या नळ्यांनी त्यांच्यावर पाण्याचा मारा करवला, आणि पुढाऱ्यांवर पुन्हा निवासाच्या कायद्याचा बडगा उगारला. १९१० साली स्वातंत्र्ययुद्धाच्या शतसांवत्सरिक उत्सवाच्या धामधुमीत सामाजिक संरक्षणाचा कायदा आला आणि अराजकवाद्यांना देशाची वेस कायद्याने बंद झाली. त्याच वर्षी परदेशांतल्या राजघराण्यांतले पाहुणे उत्सवाला आले होते. त्यांच्यासाठी रस्ते धुऊन काढले होते.

निवासाचा कायदा अखेर रद्द झाला तो १९५८ साली. म्हणजे छप्पन वर्षे तो होता. या काळात बहुतेक वर्षे राज्यघटनेतले विसावे आणि पंचविसावे कलम जसेच्या तसे छापले जात होते. कागदावर दरवाजा उघडा होता, पण त्याच्या आड दंडुका उभा होता. गरज सरो, वैद्य मरो अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे वैद्याने फी मागताच त्याला बाहेर काढले.

गुप्त परिपत्रक

पहिल्या महायुद्धाच्या काळापासून कागद वाढू लागले. शिक्षा झालेली नाही, भीक मागितलेली नाही, डोके ठिकाणावर आहे, असे दाखले मागण्यात येऊ लागले. १९३० ची मंदी आल्यावर व्हिसाची फी वाढली. पुढे हाताला काम ठरले असल्याशिवाय येऊ नका, असा हुकूम निघाला. तरी एक फट राहिली होती. ती पहिल्या वर्गाच्या तिकिटाची. ज्याला मजूर म्हणून येता येत नव्हते तो घरदार विकून पहिल्या वर्गाचे तिकीट काढी आणि प्रवासी म्हणून उतरे. हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन पळणाऱ्या ज्यूंना ही फट म्हणजे जगण्याची वाट होती.

१९३८ च्या जुलैत फ्रान्समधील एव्हियाँ येथे बत्तीस देशांचे प्रतिनिधी या निर्वासितांसाठी जमले. सहानुभूतीची भाषणे झाली. अर्जेंटिनाचाही प्रतिनिधी तेथे होता. परिषद चालू असतानाच, १२ जुलै १९३८ रोजी, अर्जेंटिनाच्या परराष्ट्रमंत्र्याच्या, होसे मारिया कांतिलोच्या सहीने जगभरच्या वकिलातींना एक परिपत्रक गेले. क्रमांक ११, अत्यंत गुप्त. ज्याने आपला देश नकोसा किंवा हद्दपार झालेला माणूस म्हणून सोडला आहे किंवा जो सोडू पाहतो आहे, त्याला व्हिसा देऊ नये. प्रवासी म्हणून देऊ नये आणि वाटसरू म्हणूनही देऊ नये. ज्यू हा शब्द त्यात कोठेही नाही. परंतु त्या वर्षी युरोपात नकोसे कोण होते हे वाचणाऱ्याला सांगावे लागत नव्हते.

पाहुण्याच्या व्हिसाचा नियम हा किती मामुली कागद वाटतो! त्या कागदावर कारकुनाने शिक्का मारला नाही तर आपली सहल हुकते. तेव्हा तो न मारल्याने माणसाचा प्राण जाई. तरी हजारो ज्यू अर्जेंटिनात पोहोचले. कोणी बोलिव्हिया-पॅराग्वेच्या रानातून चोरवाटेने, कोणी खोट्या नावाने, तर कोणी एखाद्या दयाळू अधिकाऱ्याने परिपत्रकाकडे डोळेझाक केल्यामुळे.

आणि महायुद्ध संपल्यावर काय झाले? १९५० च्या जुलैत ब्युनोस आयर्सच्या धक्क्यावर रिकार्दो क्लेमेंट नावाचा एक गृहस्थ उतरला. त्याच्याजवळ रेड क्रॉसचे प्रवासपत्र होते, अर्जेंटिनात उतरण्याचा परवानाही होता. कागदपत्र बिनचूक. हा गृहस्थ म्हणजे लाखो ज्यूंना मरणछावण्यांकडे धाडण्याचे वेळापत्रक आखणारा आडोल्फ आइखमान. १९६० साली इस्राएलच्या हस्तकांनी त्याला तेथून पळवून नेले तेव्हा जगाला हे कळले. बळी नकोसा म्हणून वेशीबाहेर राहिला आणि खाटिक कागद दाखवून आत आला.

ते परिपत्रक साठ वर्षे कोणाला माहीत नव्हते. १९९८ साली बेआत्रिस गुरेविच या संशोधक बाईंना त्याची प्रत स्टॉकहोमच्या अर्जेंटिनी वकिलातीच्या दप्तरात सापडली. २००५ च्या जूनमध्ये सरकारने ते विधिपूर्वक रद्द केले. सदुसष्ट वर्षांनी रद्द करून काय साधले, असे कोणी म्हणेल. आमचे मत वेगळे आहे. चोरून केलेला नियम उघडपणे मागे घ्यावा लागला, हीही इतिहासाची एक वसुली आहे.

आजची वेस

१९७६ नंतरच्या लष्करी राजवटीने १९८१ साली परदेशी लोकांविषयी नवा कायदा केला. कागद नसलेल्या माणसाला काम देऊ नये, आणि सरकारी नोकराने त्याची खबर द्यावी, असे त्याचे धोरण. १९८३ साली लोकशाही आली, पण हा कायदा पुढे वीस वर्षे तसाच राहिला. त्याचा फायदा कोणाला? बोलिव्हिया, पॅराग्वे, पेरू येथून माणसे प्रवासी म्हणून नव्वद दिवसांचा शिक्का घेऊन येत आणि शिवणकामाच्या कोंदट खोल्यांत कामाला लागत. शिक्क्याची मुदत संपली की माणूस मालकाच्या मुठीत. मजुरी मागशील तर पोलीस बोलावीन, एवढे म्हटले की पुरे. २००६ च्या मार्चमध्ये ब्युनोस आयर्सच्या लुइस व्हियाले रस्त्यावरील अशाच एका शिवणखान्याला आग लागली. सहा बोलिव्हियन माणसे जळून मेली, त्यांत बहुतेक मुले होती. आईबाप जेथे शिवत तेथेच ती झोपत.

त्यापूर्वी दोनच वर्षे, २००४ च्या जानेवारीत, नवा कायदा जारी झाला होता. क्रमांक २५८७१. स्थलांतर हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असे त्याच्या चौथ्या कलमात लिहिले आहे. तात्पुरत्या मुक्कामाच्या लोकांची जी यादी त्यात आहे, तिच्यात प्रवासी, वाटसरू, जहाजा-विमानांवरचे कर्मचारी आणि हंगामी मजूर यांना एका पंगतीत बसवले आहे. प्रवाशाने पगारी काम करू नये, हा नियम राहिला. पण आणखी एक कलम आहे, आणि कामगार कार्यकर्त्याने ते भिंतीवर लावावे असे आहे. मजुराचे कागद कसेही असोत, मालकाची कामगार कायद्याखालची जबाबदारी सुटत नाही, आणि केलेल्या कामाचा मोबदला बुडत नाही. शिक्का संपला म्हणून घाम फुकट जात नाही! परंतु कायदा पुस्तकात येणे आणि शिवणखान्यात पोहोचणे यांत अंतर असते; ते अंतर संघटनेनेच तोडावयाचे असते, हे त्या आगीने दाखवून दिले.

प्रवाशांच्या नियमांतही देशाचा स्वाभिमान डोकावतो. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया हे देश अर्जेंटिनाच्या माणसाकडून व्हिसासाठी पैसे घेत. तेव्हा २००९ च्या अखेरीपासून अर्जेंटिनाने त्या देशांच्या प्रवाशांना व्हिसा लावला नाही, पण उतरतानाच फेडीची पट्टी घेतली. जशास तसे. पुढे परकीय पैशाची ओढ लागल्यावर २०१६ ते २०१८ या काळात ती एकेक करून बंद झाली. शेजारच्या देशांचे नागरिक नुसते ओळखपत्र दाखवून येतात. २०२५ च्या मे महिन्यात निघालेल्या अध्यादेशाने मात्र वेस पुन्हा आवळली. आरोग्य विमा हवा, परदेशी माणसाला फुकट औषधोपचार मर्यादित, शिक्षा झालेल्याला प्रवेश नाही, असा त्याचा रोख आहे.

आणि आपण? भारतीय पासपोर्टवाल्याला पर्यटनासाठी व्हिसा काढावा लागतो. मुंबईत अर्जेंटिनाचा वाणिज्य दूतावास आहे, तेथे आपल्याकडचे लोक अर्ज करतात. २०२५ च्या ऑगस्टात एक सवलत जाहीर झाली. ज्या भारतीयाजवळ अमेरिकेचा चालू पर्यटक व्हिसा आहे, त्याला अर्जेंटिनाचा वेगळा व्हिसा नको. प्रवाशांची सोय झाली, चांगले झाले. पण या सवलतीचा अर्थ नीट पाहावा. अमेरिकेचा व्हिसा मिळतो तो साधारणपणे ज्याच्याजवळ पैसा, नोकरी आणि घरदार आहे त्याला. म्हणजे एका श्रीमंत देशाने चाळून दिलेले धान्य दुसऱ्या देशाने न चाळता घेतले. १८७६ च्या कायद्यातील पहिल्या वर्गाच्या तिकिटाचाच हा नवा अवतार होय. तेव्हा तिकिटाचा वर्ग पाहत, आता शेजारच्या पानावर कोणाचा शिक्का आहे ते पाहतात.

कोणत्याही देशाने वेशीवर चौकशीच करू नये, असे आमचे म्हणणे नाही. घराला दार असते, आणि दाराला कडी असते. आमचे म्हणणे इतकेच की, कडी कोणी घातली, कोणासाठी घातली आणि ती उघडून मागण्याचा मार्ग आहे की नाही, हे पाहिले पाहिजे. निवासाच्या कायद्यात वाईट होते ते परक्याला परत पाठवणे एवढेच नव्हे. त्याला न्यायाधीशापुढे उभे राहू दिले नाही हे अधिक वाईट होते. परिपत्रकात वाईट होते ते व्हिसा नाकारणे एवढेच नव्हे. ते चोरून केले हे अधिक वाईट होते. नियम छापलेला असावा, त्याविरुद्ध दाद मागता यावी, आणि केलेल्या कामाची मजुरी शिक्क्यावर अवलंबून नसावी. या तीन गोष्टी असतील तर वेस अरुंद असली तरी माणूस तीतून मान ताठ ठेवून जाऊ शकतो.

श्रोत्यांपैकी कोणी उद्या ब्युनोस आयर्सला गेले, तर धबधबा आणि हिमनद्या जरूर पाहाव्या. पण बंदरालगतच्या त्या जुन्या हॉटेलात अर्धा दिवस काढावा. आपल्या शहरांतही परप्रांतांतून माणसे कामाला येतात, पुलांखाली राहतात, आणि त्यांच्या कागदांची चौकशी आपण मोठ्या हौसेने करतो. त्यांच्या मजुरीची चौकशी किती जण करतो, हा प्रश्न तेथून परत येताना सामानाबरोबर आणावा. त्याला जकात पडत नाही.